सुमित्राबाईंचा पहिला वाचक

महाविद्यालयात रुजू झालो त्याच दिवशी प्रा. सुमित्राबाई हत्तुरे यांनी मला चहा पाजला, आणि तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. ज्यांचे शोधनिबंध परदेशी नियतकालिकांत छापून येतात त्या वनस्पतिशास्त्राच्या ज्येष्ठ प्राध्यापिकेने नवख्या माणसासाठी स्वतः स्टोव्ह का पेटवावा? नवख्याच्या निबंधावर वडीलधाऱ्यांचे नाव आधी घालण्याची रीत मला ठाऊक होती. आता तोच विषय निघणार, असे मी धरून चाललो.

बाईंनी विचारले, "इथं तुमचं कुणाशी बिनसलंय का?"

"बाई, मी आजच तर आलोय."

"बिनसलं की सांगा. तुमचे निबंध आधी त्यांनाच वाचायला द्यायचे."

बाईंच्या षष्ट्यब्दीनिमित्त लिहायला बसलो आहे, तर माझा स्वभाव सांगून ठेवतो. मी दूधवाल्यादेखत दुधात बोट बुडवून पाहणारा माणूस आहे. इतरांनी बाईंचा गौरव श्रद्धेने केला असेल, मी तो तपासून करतो आहे.

निबंधाची प्रत मागणारी कार्डे बाईंना परदेशातून येत. पोस्टमन म्हणायचा, "बाईंची लई लांब वळख हाय की!" मला वाटे, बाईच आधी पत्रे धाडून ही कार्डे मागवत असाव्यात. एकदा सगळी उलटून पाहिली. कुणाचीच बाईंशी ओळख नव्हती, सगळ्यांनी नुसता निबंध वाचला होता. माझे वडील दवाखान्यात असताना बाईंनी माझी सगळी प्रात्यक्षिके घेतली, तेव्हा यांना माझा वर्ग हवा की काय, अशीही शंका आली. वडील घरी आले, त्या दिवशी बाईंनी प्रयोगशाळेची किल्ली परत माझ्या हातात ठेवली.

माझा खरा संशय मात्र येमूल सरांवर होता. विभागात बाईंच्या बरोबरीचे तेवढेच, आणि दोघांचे विळ्याभोपळ्याचे सख्य. तरी बाईंचा प्रत्येक निबंध पोस्टात पडण्याआधी जायचा तो नेमका येमूल सरांकडे.

दुष्काळ सरल्यावर विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली. उमेदवार हे दोघेच. निवड समिती संशोधन पाहणार होती, आणि बाईंचा आजवरचा सर्वांत मोठा निबंध तयार होता. श्रीपूरकडच्या एका रानातली ज्वारी पाण्याचा ताण सोसून हिरवी कशी राहते, हा त्याचा विषय. तो स्वीकारला गेला असता तर जागा बाईंचीच होती. बाईंनी तो येमूल सरांना दिला.

"बाई, चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देताय," मी म्हणालो.

"नेऊन काय नेतील? चूकच नेतील की."

येमूल सरांनी निबंध दाबून ठेवला. मुलाखत तोंडावर आली तेव्हा ते बाईंच्या खोलीत येऊन म्हणाले, "शेजारी ऊस आहे, असं तुम्हीच लिहिलंय. त्या उसाला पाणी कुठून येतं?"

माझे पित्त खवळले. बाई मात्र दुसऱ्याच दिवशी मला घेऊन एस.टी.ने निघाल्या. उसाला पलीकडून विहिरीचे पाणी येते, असा त्यांचा समज होता. आता ऊस तुटून गेला होता, आणि त्याच्याआड दडलेला कालव्याचा पाट बांधालगत भरून वाहत होता. रानाची मालकीण म्हणाली, "जवारीला पाणी कुटं द्यावं लागतंय? ह्येच झिरपतंय की वो!"

"अय्यो," एवढेच म्हणून बाई बांधावर बसल्या. ज्वारीने ताण सोसलाच नव्हता. निबंध मागे ठेवला गेला आणि येमूल सर प्रमुख झाले.

"चूक त्यांना आधीच सापडली नसेल कशावरून?" मी बाईंना विचारले. "मुद्दाम उशिरा सांगितली असेल."

"चूक खरी आहे का नाही, तेवढं सांगा की."

"आहे."

"मग झालं." बाईंचे डोळे भरले होते. मला त्यांच्याइतकेच वाईट वाटले, आणि त्यांच्यापेक्षा जास्त राग आला.

पुढल्या वर्षी येमूल सर स्वतःचा निबंध घेऊन बाईंकडे आले. दिल्लीच्या परिषदेत तो वाचायचे ठरले होते. बाईंनी वाचला, आणि त्यात दोन निराळी गवते एकच धरलेली निघाली. माझ्या मनात उकळ्या फुटल्या. म्हणालो, "गप्प बसा बाई. दिल्लीत कुणीतरी दाखवेलच."

"माणसाला परक्या गावात तोंडघशी पडू द्यायचं होय?" म्हणत बाई उठल्याच. मीही मागोमाग गेलो, सर काय करतात ते पाहायला.

येमूल सरांनी पाने दोनदा पाहिली. मग आमच्यादेखत, निबंध मागे घेत असल्याची तार लिहून शिपायाच्या हाती दिली. दिल्ली राहिली. नंतर ते माझ्याकडे वळून म्हणाले, "त्या वेळी चूक मला खरंच उशिरा सापडली होती. तुम्ही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. बाईंना मात्र ते मी सांगायची गरजच पडली नाही."

माझा त्यांच्यावर पुरता विश्वास अजूनही नाही. माझे निबंध मात्र तेव्हापासून मी त्यांनाच वाचायला देतो.

सुमित्राबाईंना निरामय, उदंड आयुष्य लाभो. त्यांच्याशी ज्यांचे पटत नाही, त्यांनाही तितकेच लाभो. बाईंचे काम त्यांच्यावाचून अडेल.