वारा होता, पण आडवा नव्हता

आमचे हे गावाबाहेरच्या सबस्टेशनवर ऑपरेटर आहेत. तिथून निघालेली मोठी लाइन आमच्या घरामागच्या बाभळीवरून जाते. उन्हाळ्यात लोड वाढला की तार तापते, तापली की लांबते आणि खाली झुकते. बाभळीला टेकली तर सगळ्या गावाची लाइट गेली. तार किती लोड झेलेल याचा आकडा यांच्या वहीत आहे. पण वारा असला तर तार थंड राहते आणि जास्त झेलते, नसला तर कमी. वारा काही वहीत लिहिलेला नसतो. म्हणून भर दुपारी मला फोन येतो.

"वारा हाये का वं?"

मी चौथी शिकलेली. छतावर कुरडया नाहीतर कपडे वाळत असतात, त्यांच्याकडे बघून सांगते. हे तेच साहेबांना सांगतात आणि वर म्हणतात, "अनुभवाचा अंदाज हाये साहेब." अनुभव कोणाचा, ते मात्र सांगत नाहीत.

यंदा मे महिन्यात समोरच्या घरी लग्न होतं. पुसदहून वऱ्हाड यायचं होतं आणि गावच्या टाकीत पाणी नव्हतं. मोटर दुपारीच चालवायची, म्हणजे लाइनवर जास्तीचा लोड. यांचा फोन आला तेव्हा कुरडयांवर टाकलेली साडी फडफडत होती. मी म्हटलं, "हाये, चांगला हाये." मोटर सुरू झाली.

थोड्या वेळानं कपडे काढायला वर गेले, तर ओलेच. सगळे दोरीच्या एका टोकाला गोळा झालेले. वारा आडवा असला की कपडे तासाभरात वाळतात. दोरीच्या लांबीनं असला की नुसते सरकतात. आणि आमची दोरी त्या लाइनच्याच दिशेनं बांधलेली! माझे कपडे वाळेनात, तर तार कुठली थंड होते? बाभळीकडे पाहिलं. तार सकाळपेक्षा खाली वाटली. खरंच होती की भीतीनं वाटली, कोण जाणे.

फोन लावला, तर साहेबांनीच उचलला. परक्या माणसाशी बोलायचं म्हटलं की माझ्या तोंडाला कुलूप लागतं. भाजीवाल्याशीसुद्धा मी बोटांनी भाव करते. पण तार काही माझ्यासाठी थांबणार नव्हती.

"त्यायले सांगा, वारा हाये, पण आडवा नाही. लांबीनं हाये."

"कोण बोलून राह्यलं?"

"घरून."

"तुमाले कसं समजलं बाई?"

"कपडे वाळले नाही साहेब."

साहेब हसले आणि यांना म्हणाले, "काय हो, तुमचा अनुभव घरी राह्यते का?" मागून यांचा बारीक आवाज आला, "मोटर बंद करतो साहेब."

मोटर ऊन उतरल्यावर पुन्हा लागली. वऱ्हाड आलं तेव्हा टाकी अर्धीच होती. नवरीची आई माझ्यासमोर म्हणाली, "तुमचे मालक लयच भेकड वं माय! एवढा वारा सुटला होता, तरी मोटर बंद केली." मी मान खाली घालून घरातले दोन हंडे तिला नेऊन दिले.

तार बाभळीला टेकली नाही. मोटर चालू ठेवली असती तर टेकली असती का, ते आता कोणालाच सांगता येणार नाही.

जेवताना हे म्हणाले, "तुह्यापायी सारं गाव मले भेकड म्हणून राह्यलं."

मी म्हटलं, "मंग सांगा ना गावाले, अनुभव कोणाचा होता तं."

यांनी अजून एक भाकर मागितली.