हातावरची मरळ

पंचेचाळिशीतल्या बाईला हातावर गोंदवून घ्यायला काहीतरी कारण लागतं, हे मला गोंदवून झाल्यावर कळलं. मी एसटीत कंडक्टर आहे. माझी गाडी भंडाऱ्याहून साकोलीमार्गे एकोडीला जाते. उन्हाळ्यात एका सुट्टीच्या दिवशी भंडाऱ्याच्या बाजारातल्या टॅटूच्या दुकानात गेले आणि उजव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत मरळ काढून घेतली. माझं माहेर तलावाकाठचं, घरचे सगळे मासे धरणारे. टोपलीत टाकलेली मरळ पाण्याबाहेरही बराच वेळ जिवंत राहायची, ती मी बघत बसायचे. आवडायची मला. एवढंच.

घरी नवऱ्याने हात उजेडात धरून पाहिला. "पुसून जाते का हे?"

"नाई."

"मंग झालं," म्हणाला आणि बैलांना पाणी दाखवायला गेला. सासूबाईंचं म्हणणं एवढंच होतं, "मासोळीच काढाची होती त लहान काढाची."

अवघड गेलं ते गाडीत. कंडक्टरचा हात दिवसभर लोकांच्या तोंडासमोर असतो. तिकीट घेताना लोक सुट्टे मोजायचे थांबून माझ्या हाताकडे बघायचे. "काहून काढलं, मॅडम?" आवडलं म्हणून, हे उत्तर कुणाला पटेना. एका बाईला मी कंटाळून सांगितलं, भावाची आठवण आहे. तिने डोळ्यांना पदर लावला आणि मला डब्यातला चिवडा दिला. भाऊ माझा धडधाकट आहे. तो चिवडा मी ड्रायव्हरभाऊंना देऊन टाकला. त्यानंतर कुणाला काही रचून सांगितलं नाही.

मग काही दिवस मी नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट वरून घातला. भर मे महिना. ड्रायव्हरभाऊ म्हणाले, "ताई, भोवळ येईन न अशानं." लाखनीला गाडी थांबली तेव्हा शर्ट काढून पिशवीत टाकला.

एकदा एका माणसाने तिकीट घेता घेता मासोळीच्या पाठीवरून सरळ बोट फिरवलं. मी तिकिटाची मशीन खाली धरली.

"हात बाजूले घ्या."

"पाहून राहिलो होतो फक्त, खरी हाय का."

"पाहाले डोळे आहेत न."

मागच्या सीटवरच्या बाया हसल्या. त्याने हात मांडीवर ठेवला आणि साकोलीपर्यंत खिडकीबाहेर पाहत बसला. मी पुढची तिकिटं दिली खरी, पण दोनदा चुकीचं बटण दाबलं.

पावसाळा लागला, भाताच्या रोवणीला जाणाऱ्या बायांनी गाडी भरायला लागली. एका दुपारी भंडाऱ्याच्या स्टँडवर मी दाराचा दांडा धरून "लाखनी, साकोली, एकोडी" ओरडत होते. एका म्हातारीने माझं मनगट धरलं आणि डोळ्यांजवळ नेलं.

"मासोळीवाली गाडी हेच ना, बाई?"

"हेच. कुठं जाचं आहे?"

"एकोडीले."

ती डोळ्यांच्या दवाखान्यात येत होती. पाटी वाचता येत नाही, लांबचं दिसत नाही. मागे कुणीतरी तिला भलत्याच, पवनीच्या गाडीत बसवून दिलं होतं. मग गावातल्या बायांनी सांगितलं, कंडक्टरबाईच्या हातावर काळी मासोळी पाहायची आणि चढायचं.

"आता कोणाले पुसा लागत नाई मले," ती म्हणाली. मी तिला दारामागच्या सीटवर बसवलं.

माझी सुट्टी असेल त्या दिवशी दुसरी बाई असते, तिच्या हातावर काही नाही, हे मी तिला समजावून सांगितलं. तिने थोडा विचार केला. "मंग त्या दिवशी येतच नाई मी."

तेव्हापासून तिचा दवाखान्याचा वार आला की मी ड्यूटी बदलून घ्यायला बघते. दर वेळी जमत नाही. तेव्हा तिच्या आधीच्या खेपेलाच तिला सांगून ठेवते, आणि ती घरीच राहते.