राखणदाराला भेटायला पास

एसटीच्या पार्सलने गोणपाटात बांधून आलं ते असं: आमसुलं दोन किलो, कुळीथ पायलीभर, फणसाची साटं एक पुडकं. हमाली चाळीस रुपये. नव्हती ती फक्त खोबऱ्याची भकल.

माझ्या थोरल्या नणंदेचं, म्हणजे वन्संचं गाव मालगुंडच्या पुढे, खाडीकाठी. नाव लिहीत नाही, का ते पुढे कळेल. शेत राखणाऱ्या देवाला, राखणदाराला, त्या दर वर्षी नारळ फोडून राखण देतात आणि त्या नारळाची एक भकल आम्हाला प्रसाद म्हणून धाडतात. यंदा ती नाही म्हणजे राखण चुकली. ह्यांना रजा नव्हती, मी एकटीच निघाले.

रत्नागिरीहून सकाळची एसटी धरा आणि डावी खिडकी पकडा, आरेवारेचा समुद्र दिसतो. बायकांना अर्धं तिकीट. गणपतीपुळ्याला दर्शन घेतलं, पोळीभाजी घरची होती, चहा तेवढा विकत. मालगुंड सुटल्यावर रस्ता एवढा रुंद झालाय की मी ओळखलाच नाही. तरी ट्रकांच्या मागे एसटी रांगतच होती.

वन्सं अंगणात वाळत घातलेल्या आमसुलांवर जुनं लुगडं पसरत होत्या. त्यावर बोट फिरवलं तर बोट धुळीने काळं झालं.

"राखण चुकली का हो वन्सं?"

"चुकली नाय गो. राखणदाराचा धोंडा नव्या कंपनीच्या भिंतीआड गेला. आता त्याला भेटायला पास लागतो."

त्याच कंपनीच्या फाटकावर वन्संचा लेक, माझा भाचा, पहारेकरी आहे, कंत्राटी. जेवताना वन्सं म्हणाल्या, "उद्या जाणार आणि गाऱ्हाणं घालणार. ही धूळ जाऊ दे, कंपनी जाऊ दे."

भाचा भात कालवायचा थांबला. "मग मी पण जाऊ काय, आये? परत मुंबईला, दहा जणांच्या खोलीत?"

त्याची चार वर्षांची लेक त्याच्याच ताटात जेवत होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही नारळ घेऊन फाटकावर गेलो. भाच्याने वही उघडली. रकाना होता, 'कोणास भेटायचे?'

"राखणदाराला," वन्सं म्हणाल्या. त्याने तसंच लिहिलं.

त्याचा साहेब घाटावरचा. वाचून म्हणाला, "राखणदार म्हणजे तूच की रे. आईला केबिनपाशी बसव दहा मिनिटं. पुढं सोडायचं नाही."

धोंडा पन्नास पावलांवर दिसत होता. वन्संनी पदर घेतला, तिथूनच हात जोडले. "बा राखणदारा, आमचं शेत तुझ्या हवाली होतं..." आणि अडखळल्या. लेकाच्या गणवेशाकडे पाहिलं. "आता ह्याला तुझ्या हवाली करते. धुळीचं काय ता तूच बघ."

गाऱ्हाण्याला जमलेल्यांनी साथ द्यायची असते. मी तोंड उघडण्याआधी भाचा टोपी काढून म्हणाला, "व्हय म्हाराजा."

साहेब मोबाइलात बघत राहिला.

नारळ केबिनमध्येच ठेवला. दुपारच्या फेरीला धोंड्यावर फोडतो, असं भाचा म्हणाला. खांबावर कॅमेरा होता. तो वन्संनीही पाहिला, मीही.

घरी येऊन आमसुलं धुतली. पहिलं पाणी काळं निघालं, दुसरं लाल. सार दुसऱ्या पाण्यानंतरचं केलं, देवाला दाखवलं. चव तीच आहे.

भाच्या, हे तू आईला वाचून दाखवशीलच. फोनवर विचारायचा धीर होत नाही. नारळ फुटला का, आणि तू अजून फाटकावर आहेस ना, एवढ्या दोन ओळी उलट टपाली कळव.