उपासापुढची रेघ

पाटोद्याच्या बाजारात माझ्या एका वयस्क पेशंटचं किराणा दुकान आहे. कपाळाला भस्म, आणि कुठलंही बोलणं 'आसं हाय ताई' म्हणूनच सुरू व्हायचं. मी दवाखान्यात शुगरच्या पेशंटांना आहाराचा तक्ता लिहून देते. त्यांच्याइतका तो कुणीच पाळला नाही. मोजून दीड भाकरी, मेथीची भाजी, वाटीभर मटकी. गूळ तोलला की हात धुऊन टाकायचे. गिऱ्हाईक हसलं तर म्हणायचे, "हास बे. पाय माझा हाय, तुझा न्हाई."

तरी शुगर उतरेना. पायाच्या अंगठ्याला झालेली जखम काळी पडत गेली. एकदा मी चिडून विचारलं, "खरं सांगा, चोरून काय खाता?" ते दुखावले. "तक्त्याच्या भाईर एक घास न्हाई, ताई."

पाय घोट्यातून काढल्यावर मी त्यांना घरी भेटायला गेले. सोमवार होता. सुनेनं त्यांच्यापुढे ताट ठेवलं: साबुदाण्याची खिचडी, उकडलेलं रताळं, दोन केळी, खजूर. मी बघतच राहिले.

"आसं हाय ताई, उपास हाय," ते म्हणाले. "सोमवार, गुरवार, चतुर्थी, परदोष, अख्खा श्रावण. उपासाला मी काई खात न्हाई. तुमाला सांगितलं व्हतं की. तुमीच रेघ मारली."

भिंतीवर तक्ता होता. 'उपास' या शब्दापुढे माझ्याच हातची आडवी रेघ होती.

माझाही सोमवार असतो. पिशवीतल्या माझ्या डब्यातही खिचडीच होती.