मोठ्या दगडामागचा गाळ

जुनी मोटारसायकल क्रोम करून, पॉलिश मारून शोभेला उभी केलेली दिसली की मला मळमळतं. मागच्या महिन्यात धंतोलीत एका डॉक्टरकडे गुडघा दाखवायला गेलो, तर दवाखान्याच्या पोर्चमध्ये अशीच एक उभी. फौजेच्या लिलावातली, साडेतीनशे सीसीची विलायती गाडी. टाकीवर सोनेरी रेघा, चाकांच्या तारा लखलखीत, बुडाखाली गालिचा. डॉक्टर कौतुकाने म्हणाला, "काका, दोन वर्षं लागली करायला. पण चालवत नाही. खराब होते ना." मी म्हटलं, छान. तोंडात थुंकी जमा झाली होती, ती गिळली. काय करणार, गुडघा त्याच्या हातात होता.

ही गाडी आमच्या वेळेस नाल्यात दगडावर चढायची. आम्ही म्हणजे नागपुरातले पाच-सहा रिकामटेकडे, बायकांच्या भाषेत. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी सरकारी कचेरीत कारकून, महाल भागात भाड्याच्या दोन खोल्या, आणि आठवडाभर फायलींची धूळ खाऊन रविवारी नाला. आमचा खेळ म्हणजे शर्यत नव्हे. वेगाचा तर संबंधच नाही. दगडगोटे, चिखल, उभा चढ, यातून माणसाच्या चालीने गाडी न्यायची आणि पाय जमिनीला लावायचा नाही. एकदा पाय लागला की एक गुण, दोनदा लागला की दोन. ज्याचे गुण कमी तो वरचढ. एकदाही नाही लागला तर शून्य. शून्य सांगताना छाती कशी भरून येते ते पोर्चमध्ये गाडी ठेवणाऱ्याला काय कळणार, डोंबल.

आम्हा सगळ्यांच्या गाड्या मिस्त्रींच्या हाताखालून गेलेल्या. शहराबाहेर वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोदामांच्या मागे त्यांची टिनाची शेड होती. उमेदीची वर्षं फौजेच्या वर्कशॉपात गेली, उजवा गुडघाही तिथेच गेला. तोंडात कायम तंबाखू-सुपारीचा खर्रा, आणि पिंक टाकायला ऑइलचा रिकामा डबा. एकदा वॉशर शोधताना मी चुकून त्याच डब्यात हात घातला. इतकी वर्षं झाली, अजून आठवलं की हात धुवावासा वाटतो.

पण घाण खरी गाड्यांच्या आत असायची. लिलावातून आणलेली गाडी खोलली की काय निघेल सांगता यायचं नाही. सायलेन्सरमध्ये वाळलेली पाल. टाकीच्या तळाशी पेट्रोलचा डिंक झालेला, त्याचा आंबूस वास डोक्यात जायचा. टाकीचं भोक कोणीतरी साबणाने बुजवलेलं, वरून रंग फासलेला. एका इंजिनात तर गॅस्केटच्या जागी जोड्याच्या खोक्याचा पुठ्ठा. बाहेरून मात्र गाडी नवी नवरी. मिस्त्री असलं काही दिसलं की पाना खाली ठेवून आधी त्या अनोळखी माणसाच्या खानदानाचा उद्धार करायचे, मग पिंक, मग काम. आम्हाला एकच शिकवण होती. "जिथं कोनाची नजर जात नाही ना, तेच पहिले घास गा. बाकीचं मंग पाहू." आणि आम्ही घासलेटात हात बुडवून दर रविवारी सकाळी घासत बसायचो, नखं काळी होईपर्यंत. जड मडगार्ड काढून टाकायचे, सायलेन्सर वर उचलायचा, मागचं दातेरी चाक मोठं बसवायचं म्हणजे गाडी हळू आणि जोरात ओढते. हे सगळं मी मिस्त्रींकडून शिकलो. बाकी काय शिकलो ते पुढे येईलच.

नाला वाडीच्या पुढे, अमरावती रस्त्यावरून आत. आधी गोट्यांचा पट्टा, मग एका मोठ्या काळ्या दगडाला वळसा, आणि शेवटी लाल मुरमाचा उभा चढ. चढाच्या माथ्यावर मिस्त्री डबा पालथा घालून बसायचे. गुडघ्यामुळे खाली उतरणं त्यांना जमत नव्हतं. तिथून सगळं दिसायचं, फक्त मोठ्या दगडामागचं दिसायचं नाही. दगडामागे बारमाही झिरपणारं पाणी होतं, आणि तेवढ्या जागेत काळा, कुजक्या पानांचा गाळ. नाल्यात दुसरीकडे कुठे चिखल नव्हता थंडीत.

पण न दिसल्याने काही अडत नव्हतं, कारण आमच्यात पंच नव्हता. ही मिस्त्रींची पद्धत. वर चढून आलं की त्यांच्यासमोर गाडी थांबवायची आणि आपला आकडा आपणच सांगायचा. मिस्त्री तो खडूने टिनाच्या पत्र्यावर लिहायचे. दुसऱ्याने तोंड घालायचं नाही. एकदा एकजण दुसऱ्याला म्हणाला, अरे तुझा पाय लागला होता की गोट्यांत. मिस्त्रींनी म्हणणाऱ्यालाच घरी पाठवलं. "पाय त्याचा, सांगन तोच. तू काहून बोलून राहिला?" त्यानंतर कोणाची टाप नव्हती.

मिस्त्रींची स्वतःची एक गाडी होती. शेडच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली. आमच्या सगळ्यांच्या गाड्यांपेक्षा हलकी. चौकट कापून पुन्हा जोडलेली, अ‍ॅल्युमिनियमची टाकी स्वतः ठोकून केलेली, रंगाचा एक थेंब नाही. ती सुरू झाली की बाजूला उभं राहून बोलता यायचं, इतकं इंजिन संथ. पण मिस्त्रींना आता किक मारता येत नव्हती. एका थंडीत त्यांनी जाहीर करून टाकलं. "थंडी सरायच्या आत जो पुरा नाला शून्यात काढन, गाडी त्याची. विकाची नाही मले. चालवनाऱ्यालेच द्याची हाय."

मला ती गाडी पाहिजे होती. लग्नाआधी बायकोसुद्धा इतकी पाहिजे नव्हती, आणि हे मी तिला सांगितलेलं आहे. कचेरीत बसून फायलीच्या मागे मी त्या टाकीचं चित्र काढायचो.

आडवा येईल असा एकच माणूस होता. शाळेत चित्रकला शिकवणारा, आम्ही त्याला मास्तर म्हणायचो. किडकिडीत, कमी बोलणारा, गाडीवर उभा राहिला की आपण कोणाचं तरी बोट धरून चाललोय असा शांत. तो माझ्यापेक्षा चांगला चालवायचा. हे आज लिहितोय. तेव्हा जीव गेला असता तरी म्हटलं नसतं.

त्या रविवारी मास्तर माझ्याआधी गेला. गोटे पार, दगडामागे दिसेनासा झाला, इंजिन जरा घुसमटलं, मग बाहेर आला आणि चढ असा चढला की आम्ही सगळे उभे राहिलो. मिस्त्रींनी खडू उचलला. त्यांचा चेहरा मी पाहिला. त्यांनी मनातल्या मनात गाडी त्याला देऊनही टाकली होती.

"एक," मास्तर म्हणाला. "दगडामागे." चहा संपला म्हणून सांगावं तसा.

कोणी पाहिलं नव्हतं. कुठे लागला हे कोणी विचारलंही नव्हतं. मला त्याची इतकी चीड आली की काय सांगू. गाढव आहे हा, असं वाटलं. एवढी गाडी हातातोंडाशी आली आणि हा आपणच सांगतोय. आणि त्याच क्षणी बरंही वाटलं. ते बरं वाटणं मला आजही आठवतं.

मग मी निघालो. गोटे नीट निघाले. दगडाला वळसा घातला आणि मागचं चाक गाळात सरकलं. डावा पाय गेला. घोट्यापर्यंत गेला. किती वेळ, तर डोळा मिटून उघडावा इतकाच. काढताना पच्‌ असा आवाज झाला, तो माझ्याशिवाय कोणाला ऐकू जाणं शक्य नव्हतं. मी बाहेर आलो, चढ चढलो, मिस्त्रींसमोर थांबलो.

"शून्य," मी म्हणालो.

मी आधीपासून ठरवलं होतं का, असं मी स्वतःला फार विचारलंय. नव्हतं ठरवलं. पण चढ चढताना मला भरपूर वेळ होता.

बाकीच्यांनी पाठीवर थापा मारल्या. मास्तर पुढे येऊन हात हातात घेऊन म्हणाला, "झकास काढला." मिस्त्रींनी आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग खाली माझ्या बुटांकडे. मीही पाहिलं. उजव्या बुटावर लाल धूळ. डावा बूट घोट्यापर्यंत काळा, ओला, वर एक कुजकं पान चिकटलेलं.

मिस्त्रींनी पत्र्यावर शून्य लिहिलं. सावकाश लिहिलं. मग खांद्यावरचं फडकं काढून माझ्या हातात दिलं.

"बूट पुसून घे गा," ते म्हणाले. "गाडीले घान लागंन."

तेव्हा तरी बोलता आलं असतं. फडकं हातात होतं, माणूस समोर होता. मी खाली वाकलो आणि बूट पुसला. नीट पुसला, टाचेपर्यंत, शिवणीतसुद्धा. मिस्त्री मला तिथल्या तिथे खोटं पाडू शकले असते, पण चालवणाऱ्याचा शब्द शेवटचा हा नियम त्यांचाच होता. तो मोडण्यापेक्षा त्यांनी गाडी दिली. शेडवर परत आल्यावर स्वतः गोणपाट काढलं, गाडी बाहेर ढकलत आणली आणि तिचं हँडल माझ्या हातात ठेवलं. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "थंडी असली का चोक देजो."

घरी बायकोने हळदी-कुंकवाची कोयरी आणली, चाकाखाली लिंबं ठेवली. मी म्हटलं, राहू दे हे सगळं. ती म्हणाली, "काहून? जिंकून आणली ना तुम्ही?" आणि टाकीवर, मिस्त्रींनी ठोकलेल्या त्या टाकीवर, बोटाने कुंकू लावलं. मी मोरीत जाऊन हात धुतले. पुन्हा धुतले. त्या गाळाचा कुजका वास जेवतानाही बोटांना येत होता, वांग्याच्या भाजीतही येत होता. दोन घास खाऊन मी उठलो. बायकोला वाटलं आनंदाने पोट भरलं.

पुढच्या रविवारी जायचं नाही असं ठरवलं होतं. पण गेलो नसतो तर सगळ्यांना कळलं असतं. म्हणजे तेव्हाही मी माझ्या अब्रूचाच विचार करत होतो. गेलो.

माथ्यावर पालथा डबा नव्हता. मिस्त्रीही नव्हते. मास्तर आणि बाकीचे उभे होते. मला वाटलं मिस्त्रींची तब्येत बिघडली असेल, आणि खरं सांगतो, हलकं वाटलं. मी गाडी सुरू केली आणि खाली उतरलो. काय गाडी होती ती. गोट्यांवरून मला काही करावंच लागलं नाही, ती आपली आपण वाट काढत होती. मोठ्या दगडाला वळसा घातला.

मिस्त्री तिथे बसले होते. गाळाच्या काठाला डबा पालथा घालून, मोडका पाय समोर लांब करून, मांडीवर पत्रा, हातात खडू. हा माणूस शेडचा उंबरठा चढताना भिंत धरायचा. त्यांच्या पायजम्याचं बूड लाल मुरमाने माखलेलं होतं. चढावरून बसत-घसरत खाली आले होते. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. माझ्या डाव्या पायाकडे पाहत होते.

पाय गेला.

"एक," मिस्त्री म्हणाले आणि माझ्या सांगण्याची वाट न पाहता लिहिलं.

मी वर आलो आणि गाडी बाजूला लावली. मला कोणी आकडा विचारला नाही. माझ्यानंतर मास्तर उतरला, आपल्या जुन्या जड गाडीवर. गोटे, मग दगड, मग इंजिनाचा एकसारखा आवाज, जरासुद्धा न घुसमटता, आणि मग मुरमाचा चढ. पुरा नाला कोरडा काढला त्याने. थंडी अजून सरली नव्हती, पण गाडी माझ्याकडे होती. माथ्यावर येऊन मास्तरने सवयीने गाडी थांबवली, जिथे मिस्त्री बसायचे त्या रिकाम्या जागेसमोर, आणि आपला आकडा सांगायला तोंड उघडलं.

"शून्य," मिस्त्री खालून, दगडामागून ओरडले.

मास्तरने उघडलेलं तोंड मिटलं.