मदत मागितली तर नापास

पडद्यावर ऑपरेशनच्या टेबलावरल्या शेवंताचं रक्त भरत चाललं होतं आणि शिकाऊ डॉक्टरीणबाईचे हात थांबले होते. शेजारच्या खोलीत आम्ही कमिटीवाले बघत होतो. बायकांचं उतरलेलं अंग, म्हणजे गर्भपिशवी, वर बसवायचं शिक्षण नव्या डॉक्टरांना नीट मिळतं का, हे पाहणारी ही कमिटी. मी चौथी पास, पेशंट बायकांच्या वतीने बसलेली. आज तिची परीक्षा होती, आणि परीक्षेत शिकणारीने मागितल्याशिवाय बाजूच्या मोठ्या मॅडमनी हात लावायचा नाही. मागितली मदत, की नापास.

"बोलेल ती," अध्यक्ष म्हणाले.

"नाही बोलणार. अंग बाहेर आलेलं असताना मी वर्षानुवर्षं हंडे वाहिले, साहेब. बोलले का?"

दुखण्याची लाज आणि चुकल्याची लाज एकाच जातीची. दोन्ही तोंड दाबून धरतात. बाई घरात मुकाट सडते आणि लोक तिला सोशिक म्हणतात. इथे त्यालाच परीक्षा म्हणत होते. रक्त मात्र कुणासाठी थांबत नाही.

मी माइकचं बटण दाबलं. "मॅडम, हात घाला!"

मॅडमनी घातला. मदत झाली म्हणून पोरगी नापास झाली. नियम अजून तोच आहे.

शेवंता जगली.