बाईंची लाल बांगडी

आमच्या बालवाडीच्या बाई स्वतः हातात एकही बांगडी घालायच्या नाहीत. त्यांच्याकडे एकच होती, लहान मुलाच्या मापाची, लाल प्लॅस्टिकची, आणि ती कमरेला नाडीत ओवलेली असायची. पोराचा हात धरायचा आणि बांगडी वर सरकवायची. कोपराखाली अडली तर पोर ठीक. कोपर ओलांडून काखेकडे निघाली की पोर उपाशी. सरकारी ट्रेनिंगमध्ये त्यांना हे माप शिकवलं होतं. "काय कासारीणबाई, आज किती जणांना भरल्या?" असं गावचा सरपंच तात्या चेष्टेनं विचारायचा. बाई पुढच्या पोराचा हात धरायच्या.

दुष्काळाची वर्षं होती. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठचं आमचं गाव, पण नदीत नुसते गोटे. बाई दौंडच्या. सरकारची सुकडी यायची, भाजलेलं पीठ, गूळ आणि तेल. ती घरी न्यायला त्यांची सक्त बंदी. "माझ्यापुढं खायाचं आन् तोंड उघडून दावायचं," म्हणायच्या. मी एकदा धाकट्या सुशीसाठी फ्रॉकच्या घोळात लपवली, तर कान पिळला. पण त्याच दुपारी वाडगा घेऊन स्वतः आमच्या घरी आल्या. सुशी दोन वर्षांची, तिला चालवत नव्हतं. दीड महिना बाई रोज येऊन तिला भरवत होत्या. काखेपर्यंत जाणारी बांगडी कोपराखाली अडायला लागली, तेव्हा त्या आईला म्हणाल्या, "वहिनी, पोरगी वाचली बघा!"

मग सुकडी बंद झाली. पोती तात्याच्या गोठ्याशेजारच्या खोलीत असायची, कारण बालवाडी गळते असं त्यानंच तालुक्याच्या साहेबांना सांगितलं होतं. "वरनंच माल आला न्हाई, मी काय करू?" तो म्हणायचा. बाई दोनदा तालुक्याला जाऊन आल्या. दसऱ्याआधी सुशी गेली.

दहा दिवसांनी आई तात्याच्या गोठ्यात शेण काढायला गेली. म्हशीच्या घमेल्यातून गुळाचा वास आला. तिनं पदरात मूठभर उचललं आणि थेट बाईंसमोर धरलं. बाई एवढंच म्हणाल्या, "ठिवा माझ्याजवळ. सोमवारी साहेब यायचेत."

सोमवारी साहेब तात्याच्या ओट्यावर चहा पीत होते. बाईंनी आम्हा पोरांना ओळीनं उभं केलं. एकेकाच्या हातात बांगडी घातली, ती सरळ काखेत गेली. मग तात्याच्या मांडीवरच्या नातवाला, बाळ्याला, त्यांनी जवळ बोलावलं. बांगडी मनगटापुढं सरकेना.

"पोरगं गुणाचं हाय, त्याचं चांगलंच होऊ दे," बाई म्हणाल्या. "ह्यांच्या म्हशीचं खूर मोठं, न्हाईतर तिलाबी घालून दावली असती." आणि घमेल्यातली ती मूठ त्यांनी तात्याच्या बशीत ओतली. "घ्या की तात्या, चहासंगं ग्वाड लागतंय."

अहाहा! तात्याचं ते तोंड आठवलं की अजून माझ्या काळजाला थंडावा मिळतो.

त्याच संध्याकाळी पोती बालवाडीत आली. महिन्याभरात बाईंची बदली झाली, पार दुसऱ्या जिल्ह्यात. तात्याला काही म्हणजे काही झालं नाही. एसटीत चढताना बाईंनी नाडी सोडून बांगडी माझ्या हातात दिली. "वर गेली तर गप बसायचं न्हाई," म्हणाल्या. पुन्हा त्या दिसल्या नाहीत.

मी गावातच अंगणवाडी सेविका झाले. आता इमारत पक्की आहे आणि भिंतीवर तात्याचा हार घातलेला फोटो आहे, जागा त्यानं दिली म्हणून. त्याच खिळ्याला मी ती बांगडी अडकवली आहे. नवीन पोर आलं आणि त्याच्या आईनं बांगडीचं विचारलं की मी सगळं सांगते, म्हशीसकट. तात्याला अहो-जाहो करणं मला जमलं नाही आणि जमवायचंही नाही.

बाळ्या आता सरपंच आहे. माणूस वाईट नाही. झेंडावंदनाला आला की हळूच म्हणतो, "ताई, लई वर्सं झाली. आता तरी काढा की ती बांगडी."

"काढते की," मी म्हणते. "तिथं आमच्या सुशीचा फोटो लाव, लगेच काढते."

तो मान खाली घालून निघून जातो. सुशीचा फोटो कुणी कधी काढलाच नव्हता.